शीतकाळ आणि तितिक्षा

आत्म्याच्या अविनाशित्वाचा सिद्धांत मांडावयास आरंभ होतो न होतो तोच गीतेचा वक्ता थंडी आणि ऊन यांसारख्या अगदी सामान्य अनुभवाकडे वळतो, आणि इंद्रियांना घडणारे हे स्पर्श जसे येतात तसे जातातही, तेव्हा ते सोसावयास शिकावे, असे अर्जुनास सांगतो. स्वजनवधाच्या कल्पनेने ज्याची गात्रे शिथिल झाली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे आणि हातातले धनुष्य गळून पडत आहे, अशा वीरापुढे शीतोष्णाचा दाखला ठेवावा हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु मनुष्याच्या पराधीनतेचा इतका निर्विवाद पुरावा दुसरा कोणता सापडणार? राज्य, कीर्ती, विद्या यांच्या प्राप्तीत पुरुषार्थाला थोडाबहुत तरी वाव असतो. ऋतुचक्राविरुद्ध मात्र राजाची फिर्याद आणि रंकाची फिर्याद सारखीच बेदखल राहते. म्हणून कडक आणि अंधाऱ्या शीतकाळात मनाची प्रसन्नता कशी राखावी, हा प्रश्न केवळ वैद्यांच्या अखत्यारीतला मानणे बरोबर नाही. मन जर सूर्याच्या उदयास्ताबरोबर चढउतार करीत असेल, तर त्याच्या स्वातंत्र्याच्या गोष्टी आपण कोणत्या आधारावर बोलतो? आणि अशा मनाची जपणूक करणे हे धर्माचे अंग आहे, की तो देहाचाच एक सूक्ष्म लाड आहे, हे ठरविण्याचे काम दर्शनशास्त्राकडेच येते.

महाराष्ट्रात आयुष्य घालविलेल्या वाचकास ही चर्चा काहीशी परकी वाटणे स्वाभाविक आहे, कारण हिवाळा हा आपल्याकडे बळाचा ऋतू मानलेला आहे. आपल्या विभूती सांगताना भगवंताने महिन्यांमधून निवडला तो मार्गशीर्ष. चरक आणि वाग्भट या दोघांनीही हेमंतात मनुष्याचे बल अधिक असते व जठराग्नी प्रदीप्त होतो असे सांगून स्निग्ध आहार, अभ्यंग आणि उबदार निवास यांची आज्ञा केली आहे, आणि वाग्भटाने तर जाणत्या मल्लांशी बेताने कुस्ती खेळण्याचीही तीत भर घातली आहे. धुंधुरमासात सूर्योदयाच्या सुमारास करावयाचे मुगाच्या खिचडीचे जेवण, भोगीच्या दिवशीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी व तिच्यावरचा लोण्याचा गोळा, संक्रांतीचा तिळगूळ, ही सारी त्या वैद्यकाचीच घरगुती आवृत्ती होय. मुंबईच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या घरात असतो. सकाळच्या प्रहरी अंगणात ऊन खात बसण्याची सोय ज्यास आहे, त्यास शीतकाळ हे दुःखाचे नाव असू शकते हे सहसा पटत नाही.

आपला खरा अंधाराचा काळ पावसाळ्याचा. कोकणात आणि घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस सूर्यदर्शन घडत नाही, वाटा अडतात, माणसे घरात कोंडली जातात. आणि नेमक्या याच मुदतीवर आपल्या पूर्वजांनी व्रतांचा असा बंदोबस्त करून ठेवला आहे की, मनाला एकटे पडून कुढत बसावयास सवडच मिळू नये. देव आषाढी एकादशीस निजतात व कार्तिकीस जागे होतात. मधल्या चातुर्मासात माणसांना जागे ठेवण्यासाठी देवळात पोथी लागते, श्रावणाच्या वारावाराला कहाणी असते, भाद्रपदात गणपती येतो, आश्विनात नवरात्र बसते, आणि त्या महिन्याच्या अखेरीस दिव्यांचा सण उभा राहतो. आदित्यराणूबाईचे व्रत तर श्रावणातल्या आदितवारी धरावयाचे आणि माघातल्या रथसप्तमीस पूर्ण करावयाचे. सूर्य मेघांआड जातो तेव्हापासून तो उत्तरेकडे चांगला वळेपर्यंत त्याची आठवण घराघरांत जागती ठेवण्याची याहून सुबक तजवीज कल्पिता येणे कठीण आहे.

उत्तर युरोपात हीच तजवीज हिवाळ्यावर केलेली आढळते, कारण तेथे अंधार हिवाळ्यात येतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात लंडनचा दिवस आठ तासही भरत नाही, स्टॉकहोमचा सहा तासांवर येतो, आणि नॉर्वेतील ट्रॉम्सो या नगरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर मुळी येतच नाही. या काळोखात नाताळापूर्वीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढवीत जाण्याचा प्रघात ख्रिस्ती घरांत पडला. स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला संत लुसियाच्या नावाने मुली मस्तकावर दिव्यांचा मुकुट धारण करून गात निघतात, आणि जुन्या जुलियन गणनेच्या काळात वर्षातली सर्वांत दीर्घ रात्र याच तिथीच्या आसपास पडत असे. नॉर्वेतीलच र्युकान हे औद्योगिक गाव एका खोल दरीत वसलेले असल्यामुळे तेथे वर्षाचे सुमारे सहा महिने ऊन पोहोचत नाही. १९२८ साली तेथील कारखान्याच्या मालक कंपनीने रहिवाशांना वर जाऊन सूर्य पाहता यावा म्हणून तारेवरून चालणारा पाळणा बांधून दिला, व २०१३ साली डोंगरउतारावर मोठे आरसे बसवून ऊन खालच्या बाजारचौकात उतरविण्यात आले. पाणी आणि रस्ते यांप्रमाणेच सूर्यप्रकाश हीदेखील प्रजेस पुरवावयाची वस्तू आहे, असे तेथील कारभाऱ्यांनी मानले.

या दोन पंचांगांच्या मधोमध जो सापडतो तो परदेशस्थ मराठी मनुष्य. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले, यावरून ही वस्ती आजकालची नव्हे हे उघड आहे. तरीपण तिच्या वाट्यास आलेल्या एका विचित्र परिस्थितीचा विचार फारसा कोणी केलेला नाही. या परदेशस्थाचा श्रावण तिकडच्या दीर्घ उन्हाळी संध्याकाळांत येतो, जेव्हा जेवणे आटोपल्यावरही आकाशात उजेड रेंगाळत असतो आणि मनाला व्रताच्या टेकूची निकड भासत नाही. दिवाळी संपून खरा काळोख सुरू होतो तेव्हा मात्र त्याच्या पंचांगाची पाने मोकळी पडत जातात, कारण पौष हा तर आपल्याकडे लग्नकार्यास वर्ज्य मानलेला महिना. शेजाऱ्याच्या सणाचे दिवे त्यास खिडकीतून दिसतात, पण ते त्याच्या बालपणातले नसतात. अंधारात कचेरीस जावे आणि अंधारातच परतावे, असा क्रम चालू राहिला की झोप वाढते, तरी थकवा जात नाही. गोड आणि पिठूळ अन्नाची वासना बळावते. मित्रांचे निमंत्रण जड वाटू लागते. नित्याची पूजा, वाचन, नामस्मरण यांत खंड पडतो. मग या सर्वांचा अर्थ तो आपल्या संस्कारानुसार लावू लागतो, आणि आपण आळशी झालो, आपली श्रद्धा पातळ झाली, चित्त मलिन झाले, असा निवाडा स्वतःविरुद्ध देऊन मोकळा होतो. लक्षण ऋतूचे आणि दोषारोप चारित्र्यावर, असा हा अन्याय आहे.

वैद्यकाने या बाबतीत दिलेली साक्ष आता पुरेशी स्पष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या नॉर्मन रोझेंथाल या मनोरोगतज्ज्ञास न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात आपली स्वतःची कार्यशक्ती ओसरल्याचा प्रत्यय आला होता. पुढे १९८४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत केलेल्या अभ्यासातून या ऋतुनिष्ठ विषादाचे पहिले व्यवस्थित वर्णन प्रसिद्ध केले, आणि तीव्र प्रकाशाने त्यास उतार पडतो हेही दाखविले. त्यापूर्वी १९८० साली आल्फ्रेड ल्यूई यांनी असे सिद्ध केले होते की, रात्रीच्या सुमारास मेंदूतल्या एका लहान ग्रंथीतून पाझरणारे मेलॅटोनिन हे द्रव्य डोळ्यांवर प्रखर उजेड पडला असता मनुष्यातही ओसरते. नेत्रपटलात काही पेशी अशा आहेत की ज्यांचे मुख्य काम वस्तूंची आकृती दाखविण्याचे नसून उजेड किती आहे याची वर्दी मेंदूस देण्याचे आहे. ती वर्दी सकाळी वेळेवर पोहोचली नाही, म्हणजे देहातले कालमापन मागे पडते, आणि मनुष्य उठून कामाला लागला तरी त्याचे शरीर मध्यरात्रीच्याच हिशेबाने चालत राहते. म्हणूनच दहा हजार लक्स इतक्या तेजाच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसण्याचा उपचार तिकडचे वैद्य सांगतात.

आता धर्मशास्त्रांकडे वळावे. विषाद आणि जडता यांना दोषांच्या यादीत घालण्याची प्रथा जवळजवळ सर्व धर्मांत आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हॅग्रियस या तपस्व्याने साधकास छळणाऱ्या आठ दुर्विचारांत उदासीन जडतेची गणना केली, आणि सूर्य माथ्यावर येऊन थबकल्यासारखा वाटतो त्या भर दुपारच्या वेळी ती भिक्षूवर चाल करून येते असे लिहिले. पुढे सहाव्या शतकात ग्रेगरी या पोपने या यादीची फेरमांडणी केली तेव्हा ही जडता दुःखवृत्तीत मिळाली, आणि कालांतराने सात महापातकांच्या यादीत आळस म्हणून ठाण मांडून बसली. आपल्याकडे पतंजलीने व्याधी, जडता, संशय, प्रमाद, आळस यांना चित्ताचे अंतराय म्हटले. गीतेने निद्रा आणि आलस्य तमोगुणाच्या खात्यावर मांडली. यात चूक काहीच नाही, कारण अशा अवस्थेत साधना थांबते हे खरेच आहे. परंतु वाळवंटातल्या मुनीस जो शत्रू मध्यान्हीच्या प्रखर उन्हात भेटला तोच उत्तरेकडच्या मनुष्यास डिसेंबरच्या सायंकाळी भेटतो, यावरून एवढे तरी दिसावे की तो शत्रू देश, काळ आणि देहस्थिती यांचा आश्रय करूनच येतो. आणि पतंजलीने व्याधीस अंतरायांत पहिले स्थान दिले आहे, ही गोष्ट उपदेशकांच्या नजरेतून फार वेळा निसटते. जे अंतराय आहे ते दूर करावयाचे असते. त्यासाठी साधकास गुन्हेगार ठरविण्याची गरज नसते.

या बाबतीत बुद्धाची रीत विशेष मननीय आहे. ध्यानाला बसलेल्या मोग्गल्लानास झापड येऊ लागली तेव्हा बुद्धाने त्यास केलेला उपदेश अंगुत्तरनिकायात आला आहे, आणि त्याचा क्रम मोठा बोधप्रद आहे. ज्या विचाराच्या ओघात झापड आली तो विचार सोडावा, ऐकलेल्या धर्माचे मनन करावे, तो मोठ्याने म्हणावा, तेवढ्याने भागले नाही तर कान ओढावेत, अंग चोळावे, उठून डोळ्यांवर पाणी मारावे, दिशांकडे आणि ताऱ्यांकडे पाहावे, मनात प्रकाशाची भावना धरावी, म्हणजे रात्रही दिवसासारखी करावी, येरझाऱ्या घालाव्यात, आणि इतके करूनही जडता हटली नाही, तर उठण्याची वेळ मनाशी निश्चित करून उजव्या कुशीवर स्वस्थ निजावे. ज्या शास्त्याने तृष्णेच्या समूळ उच्छेदाची गोष्ट सांगितली, त्याने आपल्या अग्रगण्य शिष्याची निर्भर्त्सना न करता त्यास पाणी, चालणे, तारे, प्रकाश आणि अखेर झोप यांची शिफारस करावी, याचा अर्थ उघड आहे. चित्ताच्या आरोग्यासाठी केलेला देहाचा उपचार त्याला धर्माच्या बाहेरचा वाटला नाही.

उपनिषदांचा कौलही याच बाजूस पडतो. छांदोग्यात उद्दालकाने श्वेतकेतूस मन हे अन्नमय आहे असे सांगितले, आणि ते केवळ सांगून न थांबता त्यास पंधरा दिवस अन्न वर्ज्य करून नुसत्या पाण्यावर राहावयास लावले. मुदत संपल्यावर ऋचा म्हणून दाखव असे बापाने म्हटले, तेव्हा बारा वर्षे गुरुगृही राहून वेदविद्येचा अभिमान बाळगून आलेल्या त्या पुत्रास एकही ऋचा आठवेना. जेवून आल्यावर मात्र जे विचारावे ते तो सांगू लागला. हा प्रयोग ज्या प्रकरणात आला आहे, त्याच प्रकरणात पुढे जीव आणि ब्रह्म यांच्या ऐक्याचा महोपदेश नऊ वेळा आला आहे. म्हणजे ज्याला आत्म्याची सर्वोच्च ओळख करून द्यावयाची त्याला प्रथम मनाची परावलंबी प्रकृती दाखवून द्यावी, असा त्या ऋषीचा अभ्यासक्रम होता. मन अन्नावर अवलंबून आहे हे मान्य केल्याने उद्दालकाचे अध्यात्म जर डागाळले नाही, तर ते उजेडावरही अवलंबून आहे असे मान्य केल्याने आपले डागाळण्याचे कारण नाही.

येथे एक प्रामाणिक आणि बलवान आक्षेप उभा राहतो, आणि त्यास बगल देऊन पुढे जाणे योग्य होणार नाही. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत साधनसंपत्तीतल्या तितिक्षेचे जे लक्षण सांगितले आहे, त्यात दुःखाचा प्रतिकार न करता ते सोसणे ही अट स्पष्ट शब्दांत घातलेली आहे. मग दिव्यापुढे बसणे, ऊन शोधणे, ऋतूप्रमाणे आहार बदलणे हा प्रतिकारच नव्हे काय? आणि प्रतिकार करीत राहणाऱ्या मनुष्यास तितिक्षेची सनद कोणी द्यावी?

याचे पहिले उत्तर अधिकारभेदाचे आहे. ते लक्षण ज्याने सर्व एषणांचा त्याग केला आहे अशा मुमुक्षूस उद्देशून आहे. ज्याच्यावर मुलांच्या शाळेची, म्हाताऱ्या आईबापांच्या औषधपाण्याची आणि नोकरीच्या जबाबदारीची जोखीम आहे, त्या गृहस्थाने आपला विषाद विनाप्रतिकार सोसावयाचे ठरविले, तर त्याची झळ त्याच्या एकट्यालाच लागत नाही. परंतु हे उत्तर पुरेसे नाही, कारण ते आक्षेपाला फक्त दुसऱ्या आश्रमात पाठवून देते. खरे उत्तर सोसण्याच्या क्रियेकडे नीट पाहिल्यावर सापडते. बोचरा वारा अंगाला लागतो तेव्हा सोसणारे मन असते आणि सोसावयाचे दुःख त्वचेचे असते; दोहोंत अंतर असते, आणि त्या अंतरातच तितिक्षेला उभे राहावयास जागा मिळते. ऋतुनिष्ठ विषादात आघात होतो तो सोसणाऱ्या मनावरच. तराजूच सदोष झाल्यावर त्याने आपलेच वजन बरोबर करावे असे म्हणण्यात जितका अर्थ, तितकाच अशा मनास तितिक्षेचा उपदेश करण्यात. वेदान्ती म्हणेल की मनापलीकडचा साक्षी तर अलिप्त आहे. तो अलिप्त आहे हे खरे, परंतु त्यामुळेच तो सोसतही नाही. तो केवळ प्रकाशक आहे. सोसणे, विवेक करणे, निर्धार टिकविणे ही सर्व कामे अंतःकरणाची आहेत, आणि साक्षीची ओळख पटवून घ्यावयाची तीही याच अंतःकरणाच्या द्वारे. तेव्हा त्याची डागडुजी करणे हा दुःखाचा प्रतिकार नसून तितिक्षेच्या साधनाचे रक्षण आहे. शिवाय त्याच लक्षणाचा उत्तरार्ध चिंता आणि विलाप यांपासून मुक्त असण्याची अट घालतो. दिव्यापुढे मुकाट्याने बसणारा मनुष्य ही अट पाळू शकतो. उपचार नाकारून दिवसभर स्वतःला दूषण देणारा मात्र ती मोडीत असतो.

दुसरा आक्षेप सांख्यांचा. दुःखाचे आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक असे तीन भेद करून ईश्वरकृष्णाने आपल्या कारिकांच्या अगदी आरंभीच असे बजावले आहे की, दिसणारे लौकिक उपाय निश्चितपणे आणि कायमचे दुःख घालवीत नाहीत. या कारिकांवरील भाष्यात गौडपादाने थंडी-ऊन, वारा-पाऊस यांचे दुःख आधिदैविकात घातले आहे. शीतकाळाच्या विषादाची जन्मनोंद आधिदैविकात आणि वास्तव्य आध्यात्मिकात, असा त्याचा दुहेरी दाखला असल्यामुळे त्याच्या बाबतीत तर हा आक्षेप अधिकच लागू पडतो. यंदाचा हिवाळा सरला तरी पुढच्या वर्षीचा ठरलेलाच आहे. हे सर्व मान्य आहे. पण उपाय अपुरा आहे यावरून तो निरुपयोगी ठरत नाही. जेवणानेही भूक कायमची जात नाही, आणि तरीही तत्त्वज्ञानाच्या कोणत्याही संप्रदायाने आपल्या अनुयायांस जेवण सोडून कारिका वाचावयास बसविले नाही.

तिसरा आक्षेप उलट दिशेने, आधुनिकांकडून येतो. विषाद जर दिव्याने जातो, तर श्रद्धा, प्रार्थना, संतवचनांतला आनंद ही सारी मेंदूतल्या द्रव्यांचीच करामत समजावी काय? विल्यम जेम्स यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धर्मानुभवविषयक ग्रंथात या युक्तिवादाचा समाचार घेतला आहे. अनुभवाची उत्पत्ती शरीरात दाखविता आली म्हणून त्याचे मूल्य रद्द होत नाही, कारण त्याच न्यायाने नास्तिकाचे मतही त्याच्या यकृताच्या पदरात टाकता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. आणि खुद्द वैद्यकानेही प्रकाशाला सर्वाधिकार दिलेले नाहीत. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठात झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, हिवाळ्याविषयीचे निराश विचार तपासून दुरुस्त करण्याची आणि अंग काढून घेण्याऐवजी कार्यात राहण्याची शिकवण देणारी चिकित्सा त्या हिवाळ्यापुरती प्रकाशाच्या बरोबरीची ठरली, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तिचा गुण प्रकाशापेक्षा अधिक टिकलेला आढळला. म्हणजे उजेडाने त्या हिवाळ्यापुरता उतार पडला तरी तो पुढे टिकण्यास विवेकाची जोड लागते, हा निष्कर्ष प्रयोगशाळेतून आला आहे. उद्दालकाने मुलास आधी जेवू घातले आणि मग तत्त्व सांगितले, त्या क्रमाशी तो जुळतो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात याच समन्वयास नियमाचे रूप मिळाले आहे. अति खाणाऱ्याचा योग सिद्ध होत नाही, मुळीच न खाणाऱ्याचाही नाही. अति झोपणाऱ्याचा नाही आणि सदा जागणाऱ्याचाही नाही. ज्याचा आहार, विहार, कर्मे, निद्रा आणि जागृती ही प्रमाणात आहेत त्याचाच योग दुःखनाशक होतो. ज्ञानेश्वरांनी यावर भाष्य करताना विषयांचे अतिसेवन नको आणि त्यांचा सर्वथा निरोधही नको असे सांगून, बोलणे मोजके असावे, पावले मोजकी पडावीत, आणि झोपेलाही तिच्या वेळी मान द्यावा, असा जो उलगडा केला आहे, त्यात आजच्या कोणत्याही वैद्याच्या सल्ल्याचे सार आले आहे. उत्तरेकडच्या शीतकाळास हा नियम लावून पाहिला, तर त्याचे स्वरूप काही गूढ राहत नाही. उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही ढळू देऊ नये. आकाश ढगाळ असले तरी सकाळच्या प्रहरी घराबाहेर पडून चालावे, कारण बाहेरचा मळभाचा उजेडही घरातल्या दिव्यांहून पुष्कळ अधिक असतो. सूर्यनमस्कार घालावयाचे ते खिडकीसमोर घालावेत. पिष्टमय आणि गोड पदार्थांची ओढ ही ऋतूची मागणी आहे हे ओळखून तिला हप्त्याहप्त्याने मान द्यावा, सारी दौलत तिच्या हवाली करू नये. सावळ्या त्वचेत ड जीवनसत्त्व उजेडापासून सावकाश तयार होते, म्हणून ब्रिटनमधील आरोग्य खाते हिवाळ्यात सर्वांस आणि सावळ्या वर्णाच्या लोकांस तर बारमाही, रोज दहा मायक्रोग्रॅम इतके ते घेण्याविषयी सुचविते. तेही बिनदिक्कत घ्यावे.

आणि संगतीचा नियम या सर्वांहून कमी महत्त्वाचा नाही. उत्तरायणाची वाट पाहत शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी अठ्ठावन्न रात्री काढल्या असे महाभारत सांगते. सूर्य वळेपर्यंतचा तो काळ त्यांनी कसा घालविला? वेदनेचा हिशेब मांडीत नव्हे. युधिष्ठिराच्या प्रश्नांची उत्तरे देत, राजधर्म, आपद्धर्म आणि मोक्षधर्म यांचे निरूपण करीत ते राहिले, आणि शांतिपर्वासारखा विस्तीर्ण भाग त्या प्रतीक्षेतून निर्माण झाला. ज्याला सूर्याची वाट पाहावयाची आहे त्याने ती दुसऱ्याच्या उपयोगी पडत आणि दुसऱ्याच्या सहवासात पाहावी, याहून मोठा दृष्टान्त आपल्या वाङ्मयात नाही.

एक मर्यादा मात्र स्पष्ट करून ठेवली पाहिजे. विषाद आठवडेच्या आठवडे हटत नसेल, नित्याची कामे अशक्य होत असतील, किंवा जगणेच नकोसे वाटू लागले असेल, तर तेथे निबंधकाराचे किंवा कीर्तनकाराचे काम संपते आणि डॉक्टरांचे सुरू होते. त्या दिवशी त्यांच्याकडे जाणे हेच त्या दिवसाचे धर्मकृत्य होय. प्रकाशोपचारसुद्धा नेत्रविकार असणाऱ्यांनी, किंवा ज्यांचे मन विषाद आणि उन्माद या दोन टोकांत फिरते त्यांनी, विचारल्याशिवाय करू नये.

आता राहिला प्रश्न तो समाजाच्या कर्तव्याचा. आपल्या पूर्वजांनी आपल्या भूमीतला अंधार कोणत्या महिन्यांत येतो हे पाहून व्रते रचली; परदेशस्थ मराठी मंडळांनी ती केवळ तिथीनुसार पाळली आणि ज्या निकडीतून ती निर्माण झाली ती नजरेआड केली, तर पूर्वजांचे पंचांग राखले जाईल, पण त्यांचे शहाणपण राहून जाईल. मार्गशीर्षातील गीताजयंती, दत्तजयंती, धुंधुरमास, पौषातले रविवार, संक्रांत आणि माघातली रथसप्तमी हे सर्व मुहूर्त नेमके तिकडच्या काळोखात पडतात. ज्या चातुर्मासात तिकडे उजेडाची रेलचेल असते त्यापेक्षा या दोन-तीन महिन्यांत दर आठवड्यास पोथीवाचन, एकत्र जेवण, वृद्धांच्या आणि एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी जाणे, असा क्रम मंडळांनी लावावा. त्यास शास्त्राधार हवा असेल तर तो वर दिला आहे. आणि इकडे राहणाऱ्या आईवडिलांना एवढीच विनंती आहे की, डिसेंबर-जानेवारीत मुलामुलीच्या आवाजात मरगळ जाणवली, तर मन घट्ट करण्याचा उपदेश करण्यापूर्वी, आज सकाळी उजेडात बाहेर पडलास का, आणि कोणाबरोबर जेवलास, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.